नंदीबैलांच्या बैठकीत ‘नाही’ कोण म्हणणार?

कॉलेजात स्टार्टअपच्या गप्पा सुरू झाल्या की गाडी फंडिंग, व्हॅल्युएशन, युनिकॉर्न याच स्टेशनांवर थांबते. ‘तुला तोंडावर “चुकतोयस” म्हणणारं कोण आहे?’ हे मात्र कुणी विचारत नाही. ‘बायजूज’ची घसरण बघितली तर आधी हाच प्रश्न विचारावासा वाटतो.

२०२२ मध्ये या कंपनीचं मूल्य २२ अब्ज डॉलर धरलं जात होतं. त्याच वर्षी २०२०-२१ चे हिशेब तब्बल दीड वर्ष उशिरा आले आणि तोटा निघाला साडेचार हजार कोटींहून जास्त. ऑक्टोबरमध्ये अडीच हजार कर्मचाऱ्यांना नारळ देण्याची घोषणा झाली. पुढच्याच महिन्यात लिओनेल मेस्सी ब्रँड अॅम्बेसेडर!

जून २०२३ मध्ये ऑडिटर डेलॉइटने राजीनामा दिला, कारण पुढच्या वर्षाचेही हिशेब रखडले होते. गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी बोर्डातून बाहेर पडले. मग उरलं कोण? फाउंडर बायजू रवींद्रन, त्यांची पत्नी आणि भाऊ. महिन्याभरात ‘प्रोसस’ या गुंतवणूकदार कंपनीने जाहीरच केलं, की आमचा सल्ला वारंवार डावलला गेला.

त्यानंतर स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष रजनीश कुमार आणि इन्फोसिसचे माजी सीएफओ मोहनदास पै यांना सल्लागार नेमलं गेलं. माणसं मोठी, पण घर पेटल्यावर विहीर खणून काय होणार? वर्षभरात तेही बाजूला झाले. जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

रवींद्रन यांची बाजू वेगळी आहे. त्यांच्या मते, विस्तारासाठी गुंतवणूकदारच मागे लागले होते आणि अडचण येताच त्यांनीच काढता पाय घेतला. हे खरं मानलं, तरी मुद्दा आणखी पक्काच होतो. भरतीच्या काळात गुंतवणूकदारालाही आकडा फुगायलाच हवा असतो. पगारी माणूस नोकरी सांभाळतो, घरचे नातं सांभाळतात. मग स्पष्ट बोलणार कोण? ज्याचा पैसा किंवा पगार तुमच्यात अडकलेला नाही, असा बाहेरचा माणूस.

पण तो नुसता नेमून भागत नाही. हिशेबाची वही त्याच्यापुढे वेळेवर उघडावी लागते आणि तो ‘नाही’ म्हणाला तर का ऐकलं नाही, याचं उत्तरही द्यावं लागतं. धंद्यातली नम्रता ती हीच. उद्या स्टार्टअप काढणार असाल, तर पहिला इन्व्हेस्टर शोधण्याआधी असा एक माणूस शोधून ठेवा!