सोंगाड्यांच्या संहिता कोण लिहून ठेवणार?

नवापूर तालुक्यात आणि गुजरातच्या सीमेपलीकडच्या उच्छल-सोनगड भागात आदिवासी बोलींमध्ये रात्र-रात्र रंगणारी ‘सोंगाड्या पार्टी’, म्हणजे गाणे, नाच, विनोद आणि कथानक एकत्र गुंफणारे लोकनाट्य, आज मोबाइलच्या पडद्यावर तुकड्या-तुकड्यांनी दिसते. परंतु त्यातील एखादा संपूर्ण प्रयोग संवादांसह लिहून ठेवण्याची व्यवस्था कुठेही उभी राहिलेली नाही, ही अत्यंत गंभीर उणीव आहे.

तिचे गांभीर्य यिडिश रंगभूमीच्या इतिहासावरून कळते. यिडिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची घरगुती भाषा. ती जर्मन कुळातली असून हिब्रू लिपीत लिहिली जाते, आणि सुशिक्षित ज्यूंपैकीही अनेकांनी तिला दीर्घकाळ अशुद्ध बोली म्हणून हिणवले. अशा भाषेत अब्राहम गोल्डफाडेन यांनी 1876 मध्ये रुमानियातील याश शहरात व्यावसायिक नाटक मंडळी उभी केली. रशियन साम्राज्याने 1883 मध्ये यिडिश नाटकांवर बंदी घातल्यावर अनेक नटांनी लंडन आणि न्यूयॉर्क गाठले. दुसऱ्या महायुद्धातील नरसंहारात पूर्व युरोपातील या रंगभूमीचा प्रेक्षकच मारला गेला, तरी तिची स्मृती पुसली गेली नाही, कारण विल्ना येथे 1925 मध्ये स्थापन झालेल्या ‘यिवो’ या संशोधनसंस्थेने नाटकांची हस्तलिखिते आणि जाहिरातपत्रके आधीपासून जमवली होती, आणि शहर नाझींच्या ताब्यात असताना तेथील ज्यू कवी व ग्रंथपालांनी जिवावर उदार होऊन संस्थेतील ग्रंथ आणि कागदपत्रे लपवून ठेवली. कागदाच्या जोडीला प्रयोगही टिकले: न्यूयॉर्कची 1915 पासूनची ‘फोल्क्सबीने’ ही नाट्यसंस्था आजही यिडिशमध्ये नाटके करते.

नवापूरच्या सोंगाड्यांची अडचण याहून मूलभूत आहे. ते ज्या मावची बोलीत खेळ करतात तिला स्वतंत्र लिपी नाही, संवाद बहुतांशी तोंडी चालतात आणि प्रसंगानुसार बदलतात. त्यामुळे ज्येष्ठ सोंगाड्या गेला की त्याच्याबरोबर हजरजबाबीपणाची एक संपूर्ण घडण जाते. शासकीय महोत्सवातील दहा मिनिटांचा नाच ही हानी भरून काढू शकत नाही, उलट नाटकातले नाटकपणच तेथे गाळले जाते. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र खंड 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आणि राज्यातील बोलींच्या अभ्यासाला त्याने मोलाचा आधार दिला, तथापि एखाद्या बोलीचे व्याकरण व शब्दसंपदा नोंदवणे आणि तिच्यात रात्रभर चालणारे नाटक नोंदवणे ही वेगळी कामे आहेत.

पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था हे काम हाती घेऊ शकते: गावातल्या प्रेक्षकांसमोरचा अखंड प्रयोग चित्रित करावा, संवाद देवनागरीत मूळ बोलीतच उतरवावेत, मराठी अर्थ शेजारी द्यावा, कलावंतांची नावे त्यांच्या संमतीने नोंदवावीत आणि त्यांना योग्य मानधन द्यावे. मावचीशी जवळचे नाते असलेली गामीत बोली गुजरातच्या तापी जिल्ह्यात बोलली जाते, म्हणून या नोंदीचे क्षेत्र राज्याच्या सीमेपाशी थांबवता येणार नाही.