कर्नाळ्याहून जुना शाळिग्राम

समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, म्हणजे गाळात गाडले जाऊन कालांतराने दगड बनलेले त्यांचे अवशेष, पनवेलच्या डोंगरांत शोधायला निघणाऱ्या कुटुंबाच्या हाती काही लागणार नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कर्नाळ्याच्या सुळक्यापासून प्रबळगडापर्यंत आणि उलव्याच्या कापलेल्या टेकडीपासून जुन्या वाड्यांच्या जोत्यांपर्यंत जो काळा पाषाण दिसतो, त्याला भूविज्ञानात बेसाल्ट म्हणतात. तो जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा थिजून झालेला आहे आणि हजार अंशांहून अधिक तापलेल्या त्या रसात शिंपला किंवा हाड शाबूत राहण्याची शक्यता नसते. खडी फोडताना पोकळ्यांत चमकणारे पांढरे स्फटिक मिळतात व मुले ते हौसेने जमवतात, परंतु ती खडकातील वायूंच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर साचलेली खनिजे होत. त्यांचा सजीवांशी संबंध नाही.

असे असूनही भूविज्ञानाच्या ग्रंथांत पनवेलचे नाव वारंवार येते. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर पनवेलच्या आसपास पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, वाकून उतरतात, आणि या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ असे नाव आहे; भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन बिकनेल ऑडन यांनी १९४९ मध्ये त्याचे वर्णन केले. (हे ऑडन इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे सख्खे भाऊ.)

हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला, आणि नेमक्या त्याच सुमारास जगातील समुद्रांतून अमोनाइट हा प्राणी कायमचा नाहीसा झाला. अमोनाइट हा माखूळ आणि नळ यांचा दूरचा नातेवाईक. तो वळ्यावळ्यांच्या शंखात राही, त्या शंखात आडव्या पडद्यांनी कप्पे पडलेले असत, प्राणी स्वतः शेवटच्या कप्प्यात असे व मागच्या कप्प्यांतील वायूच्या आधाराने पाण्यात तरंगे. मेक्सिकोत आदळलेला अशनी या संहाराचे मुख्य कारण असावे, असे बहुसंख्य संशोधक मानतात. दख्खनच्या या लाव्हाबरोबर बाहेर पडलेल्या वायूंचा वाटा त्यात किती, यावर वाद अजून चालू आहे. म्हणजे पनवेलच्या दगडात अमोनाइट सापडत नाही इतकेच नव्हे, तर त्याच्या अंताच्या संशयितांमध्ये या दगडाचेही नाव घेतले जाते.

तरीही पनवेलच्या अनेक घरांत अमोनाइट आहे, आणि तोही देवघरात. नेपाळातील काली गंडकी नदीच्या पात्रात मिळणारा, विष्णुस्वरूप मानला गेलेला शाळिग्राम हा बहुधा जुरासिक काळातील काळ्या शेलचा, म्हणजे दाबून घट्ट झालेल्या चिखलाचा, गोटा असतो. त्यावर किंवा त्याच्या पोटात जे ‘चक्र’ दिसते ते अमोनाइटच्या शंखाचे वळे आणि त्यावरील उंचवटे होत. भारतीय भूखंडाच्या उत्तरेला पसरलेल्या ज्या समुद्रात हा चिखल साचला, त्याला एदुआर्ट झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८९३ मध्ये टेथिस हे नाव दिले. पुढे भारत आशियाला भिडला आणि त्या समुद्राचा तळ हिमालयात उचलला गेला. शाळिग्रामाचे वय सुमारे १५ कोटी वर्षांच्या घरात जाते, म्हणजे घरच्या ताम्हनात तुळशीपत्राखाली बसलेला हा दगड कर्नाळ्याच्या डोंगराच्या दुपटीहून अधिक जुना आहे. पंचायतन पूजा चालणाऱ्या घरात तर गंडकीच्या शाळिग्रामाशेजारी नर्मदेचे बाणलिंग आणि शोण नदीचा तांबडा गणेशपाषाणही असतो. भूविज्ञानाच्या शिक्षकाला पहिल्या तासासाठी याहून चांगला संग्रह आयता मिळणार नाही.

मात्र शाळिग्रामात एक उणीव आहे. नदीने तो मूळ थरातून सोडवून, घोळवून, दूर आणून टाकलेला असतो, त्यामुळे तो कोणत्या थरातला, त्याच्या वर काय होते आणि खाली काय, हे त्या दगडावरून कळत नाही. भक्ताचे यावाचून काही अडत नाही, अभ्यासकाचे मात्र सारे अडते, कारण जीवाश्माचे मोल त्याच्या आकारात जितके असते त्याहून अधिक त्याच्या ठिकाणात असते. कुटुंबाने सहल काढायची ती या ठिकाणाच्या ओळखीसाठी. पिशवी भरून दगड आणणे हा तिचा हेतू असू नये.

जवळची ठिकाणे थोडक्यात आटोपतात. रायगडच्या किनाऱ्यावर काही जागी शिंपल्यांचा चुरा आणि वाळू चुन्याने सांधली जाऊन झालेला खडक दिसतो, पण भूवैज्ञानिक हिशेबात तो कालपरवाचा. मुंबईत लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले व रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. मात्र तो गाळ गोड्या पाण्याचा होता. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे अशाच मधल्या थरात समुद्री सूक्ष्मजीवांची कवचे आढळली, पण ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो.

पनवेलच्या कुटुंबाने खरा रस्ता धरावा तो कच्छचा. भारत आणि आफ्रिका एकमेकांपासून विलग होऊ लागले तेव्हा त्यांच्यामधल्या खळग्यात शिरलेल्या उथळ समुद्राचा गाळ तेथे शेकडो मीटर जाडीने साचला आहे. त्यातील अमोनाइटांवर विल्हेल्म वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात ग्रंथ सिद्ध केला आणि १९२७ पासून एल. एफ. स्पाथ यांनी त्याची पुन्हा छाननी केली, त्यामुळे कच्छमधील गावांची नावे जगभरच्या जुरासिक अभ्यासात रुळलेली आहेत. ‘ढोसा ऊलाइट’ हा तांबूस-तपकिरी थर कच्छच्या थरांत विशेष प्रसिद्ध आहे. ऊलाइट म्हणजे कणाभोवती पुटांवर पुटे चढून बनलेल्या, मोहरीएवढ्या गोल दाण्यांचा खडक. हा थर जाडीला थोडा असूनही त्यात जीवाश्मांची दाटी आहे, कारण त्या काळी गाळ अतिशय संथपणे साचत होता आणि दीर्घ काळातील शंख एकाच पातळ थरात गोळा होत गेले.

तेथे उघड्या उतारावर पडलेला अमोनाइट हातात घेऊन भिंगाखाली धरला, तर बहुधा मूळ शंख गेलेला व आत शिरलेल्या गाळाचा साचा तेवढा उरलेला दिसतो. त्याच्या अंगावर नागमोडी, पुढे पुढे पानाच्या कातरलेल्या कडेसारखी होत जाणारी रेघ असते. ही आतील पडदा शंखाच्या भिंतीला जेथे जोडला होता त्या सांध्याची खूण, आणि जातीची ओळख पटवण्यात तिचा मोठा आधार असतो. गोगलगायीच्या शंखात असे कप्पे व पडदे नसतात, म्हणून फुटलेल्या तुकड्यावरूनही दोहोंतला फरक शाळकरी मुलाला ओळखता येतो. जवळच बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे गुळगुळीत दांडे दिसले, तर ते बेलेम्नाइट या माखळीच्या नातेवाइकाच्या अंतर्कवचाचे तुकडे समजावेत.

दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस या सहलीला योग्य. उन्हाळ्यात तेथे दुपारी उभे राहवत नाही. सीमेलगतच्या काही भागांत परवाना लागतो, तो आधीच काढावा. भारतात जीवाश्मांच्या रक्षणासाठी स्वतंत्र, सर्वव्यापी कायदा अद्याप झालेला नाही, २०२२ मध्ये केंद्राने एक मसुदा प्रसिद्ध केला एवढेच. परंतु कायदा नाही म्हणून उचलेगिरीला मोकळीक आहे, असा अर्थ काढणे अयोग्य ठरेल. छिन्नी-हातोडी घरी ठेवावी. भिंग, वही, मोजपट्टी आणि कॅमेरा पुरेसा आहे.

भूजजवळच्या लोडाई गावानजीक सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचा, म्हणजे डॉल्फिनसारखा बांधा असलेल्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा, सांगाडा मिळाला. गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि दातांच्या झिजेवरून तो कठीण कवचाचे भक्ष्य खात असावा, असा अंदाज बांधला. दात, मणके आणि आसपासचा गाळ एकत्र राहिला म्हणूनच असा अंदाज बांधता येतो. कोणा हौशी माणसाने चार मणके आधीच उचलून दिवाणखान्यात मांडले असते, तर ही संगती तेथेच तुटली असती. तेव्हा पनवेलहून जाणाऱ्यांना विनंती एवढीच की, दगडात हाडासारखे काही दिसल्यास त्याला हात न लावता शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि ती भूजमधील कच्छ विद्यापीठाच्या भूविज्ञानाच्या अभ्यासकांकडे पोहोचवावी.