खड्डा अल्लाहने खणलेला नाही

रस्त्यावर मूल गेलं की आपल्याकडे पुढचे चाळीस दिवस कसे जातात, हे वेगळं सांगायला नको. गुसल, कफन, जनाजा, कब्रस्तानात तीन मुठी माती. तिसऱ्या दिवशी जियारत, मग कुराणखानी, चाळिसाव्याला देग चढते. या दिवसांत बापाच्या खांद्यावर हात ठेवून पन्नास माणसं तेच एक वाक्य बोलून जातात: अल्लाह की अमानत थी, अल्लाह ने ले ली. बाप मान हलवतो. दुसरं करणार तरी काय? आणि जिथं पोरगं गेलं तिथला खड्डा, तिथला महिनोन्महिने बंद असलेला दिवा, पुसून गेलेले झेब्रा पट्टे चाळिसाव्यानंतरही जसेच्या तसे असतात.

माझं भांडण सब्रशी नाही. मूल गमावलेल्या घरात सब्र नसेल तर ते घर उभं राहणार नाही. भांडण आहे ते सब्रच्या आडून येणाऱ्या गप्प बसण्याशी. 'तकदीर' हा शब्द आपण ज्याच्यासाठी वापरतो त्याला त्याचा काहीच उपयोग नसतो. उपयोग होतो ठेकेदाराला, अभियंत्याला, लायसन्स न बघता डंपर हातात देणाऱ्या मालकाला. त्यांना आपल्याकडून फुकटात माफी मिळते, आणि वर आपण तिला दीनचं नाव देतो.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो की 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 9,528 अठरा वर्षांच्या आतली होती. म्हणजे रोज सव्वीस मुलं. महाराष्ट्राचा एकूण आकडा 15,224. रोज सव्वीस मुलांची तकदीर नेमकी याच देशाच्या रस्त्यांवर फुटते आणि जिथं फुटपाथ आहे, गाडीचा वेग आवरलेला आहे त्या देशात फुटत नाही, असं मानायचं असेल तर मग अल्लाहवर आपण केवढा मोठा आरोप करतोय, याचा विचार कुणीतरी करावा.

दीनचीच भाषा बोलायची तर पुरती बोलू. रसूलुल्लाहंचा मुलगा इब्राहिम दीड वर्षाचा असताना वारला. ते रडले, सगळ्यांसमोर रडले, आणि रडण्यात गैर काही नाही असं सांगितलं. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या मुलासाठी सूर्य झाकोळला. दुःखात बुडालेल्या बापाला याहून मोठा दिलासा कोणता? पण त्यांनी तो घेतला नाही. कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने ग्रहण लागत नसतं, असं त्यांनी लोकांना सांगितलं. सूर्याचं काम वेगळं, मुलाचं मरण वेगळं. मुलाला माती देतानाही कार्यकारण सोडायचं नाही, ही शिकवण आपल्या खुत्ब्यांत किती वेळा ऐकलीत?

हजरत उमर यांचे दोन किस्से तर मदरशात जाणाऱ्या पोरांनाही पाठ असतात. शामकडे निघालेले असताना पुढे प्लेग आहे असं कळलं, तेव्हा ते काफिला घेऊन मागे फिरले. अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळताय का? उमरांचं उत्तर असं की हो, पण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच. धोका टाळणं हीसुद्धा तकदीरच आहे. दुसरा किस्सा रस्त्याचाच: इराकात एखादं खेचर ठेचाळून पडलं तरी त्याच्यासाठी रस्ता सारखा का केला नाहीस, असं अल्लाह मला विचारेल, अशी त्यांना धास्ती होती, असं सांगितलं जातं. खलिफा मदिन्यात, खेचर इराकात, आणि जबाबदारी खलिफाची. आपण मात्र 'अल्लाह की मर्जी' म्हणून नगरसेवकापासून केंद्रीय मंत्र्यापर्यंत सगळ्यांना एका दमात मोकळं करतो.

आता एका दुसऱ्या बापाकडे बघू. दादाराव बिल्होरे, मुंबईतले भाजीविक्रेते. 28 जुलै 2015 रोजी त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून जात होता. पावसाच्या पाण्याखाली खड्डा होता, तो दिसलाच नाही. हेल्मेट घातलेला भाऊ वाचला, प्रकाश गेला. पुढे दादारावांनी काय केलं, तर बांधकामांवरून पडलेली खडी, वाळू, डबर गोळा करून मुंबईतले खड्डे स्वतःच्या हाताने बुजवायला सुरुवात केली. तीन वर्षांत शेकड्यांनी बुजवले. खड्डा बुजला की मुलासाठी एक छोटी प्रार्थना. जग त्यांना 'पॉटहोल दादा' म्हणू लागलं.

या माणसापुढे मी मान झुकवतो, पण त्याच्या बातम्या ज्या कौतुकाने छापल्या गेल्या त्याची मला चीड येते. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत मेलेल्या मुलाच्या बापाला घमेलं उचलावं लागतं, ही गोष्ट 'प्रेरणादायी' सदरात जाते. ती गुन्हेवृत्तात जायला हवी होती. तरीही एक गोष्ट दादारावांनी केली जी आपल्यातल्या बहुतेकांनी केली नाही. आठवण त्यांनी घराच्या भिंतीवरून काढून रस्त्यावर आणून ठेवली. प्रकाश कसा गेला हे त्यांनी शहराला विसरू दिलं नाही.

हे नुसतं भावनेचं काम नाही हे पाहायचं तर नेदरलँड्सकडे बघा. सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचे व्हिडिओ शेअर करतो, तिथं 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली होती, त्यात चारशेहून अधिक मुलं. एका पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी त्यात गेली. त्याने लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. अपघात हा शब्दच त्याने नाकारला. त्या नावाने आई-बाप, पोरंसोरं रस्त्यावर आडवी झाली, सायकली घेऊन चौक अडवले, आणि सरकारला रस्ते बदलावे लागले. ते रस्ते आपोआप तसे झालेले नाहीत.

आता आपल्या दाराशी. नाशिक फाट्यावरून निघालं की भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण, राजगुरुनगर. या पट्ट्यात गाड्या बनतात, त्या गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि ते सगळं वाहून नेणारे कंटेनर, ट्रेलर आणि कंपनीच्या बसा याच रस्त्यावरून धावतात. शिफ्ट सुटायची वेळ आणि शाळा सुटायची वेळ एकमेकांत मिसळतात. चाकणच्या आंबेठाण चौकात किंवा तळेगाव चौकात लहान मुलाचा हात धरून रस्ता ओलांडून बघा. मुलाची उंची आणि ट्रेलरच्या चाकाची उंची एकच असते. ड्रायव्हरला केबिनमधून ते मूल दिसतच नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड हा 30 किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला. खर्च 7,827 कोटी रुपये. व्हायला हवा, कोंडीने सगळेच बेजार आहेत. पण उन्नत म्हणजे वर. वरून जाणाऱ्या गाड्यांचा वेग वाढेल. खाली शाळेत, मदरशात, दूध आणायला जाणाऱ्या पोराचं काय? त्याच्यासाठी त्या 7,827 कोटींत उंचवट्याचं क्रॉसिंग किती, फुटपाथ किती, हा प्रश्न मी एकाही सभेत ऐकला नाही. आपल्याही सभेत नाही. राजगुरुनगरात दिलावरखानाची चारशे वर्षांपूर्वीची कबर आणि मशीद उभी आहे. तिच्या डागडुजीसाठी निवेदन द्यायचं म्हटलं की आपल्याकडे माणसं जमतात, आणि जमावीतच. त्याच माणसांना शाळेसमोरच्या गतिरोधकासाठी बोलावलं की उत्तर येतं, 'ये अपना मसला थोडी है.'

मग अपना मसला कोणता? आपली चळवळ फक्त हिजाब, वक्फ आणि निवडणूक यांच्यापुरतीच असेल तर आपण स्वतःच स्वतःला नागरिकाऐवजी एक 'मुद्दा' करून घेतलं आहे. ट्रकचं चाक नाव विचारून फिरत नाही.

खरा अडसर वेगळा आहे आणि तो मला समजतो. माणसं पोलीस ठाण्याला घाबरतात. भाड्याच्या खोलीत राहणारा, ठेकेदाराकडे हजेरीवर काम करणारा बिहारचा, युपीचा किंवा मराठवाड्यातला बाप मूल दफन करून परवा कामावर जातो, कारण खाडा परवडत नाही. त्यात मुसलमान नाव. 'कशाला लफड्यात पडता', असं सांगणारे आपलेच शहाणे. आणि त्यावर कळस म्हणजे 'खून का पैसा नहीं चाहिए.' नुकसानभरपाई घेणं म्हणजे मुलाला विकणं, ही समजूत आपल्या मोहल्ल्यांत खोल रुजलेली आहे.

ती दीनच्या आधारावर टिकत नाही. सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येसाठीही गुलाम मुक्त करणं आणि मृताच्या घरच्यांना दियत देणं सांगितलं आहे. घरच्यांनी खैरात म्हणून सोडली तर वेगळी गोष्ट. 'चुकून झालं' एवढ्यावर तिथं सुटका नाही. आणि व्यवहारात बघायचं तर ज्या ड्रायव्हरची दया येऊन आपण दावा सोडतो, त्याच्या खिशातून बहुधा काही जाणारच नसतं. प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. पैसा देते विमा कंपनी. ड्रायव्हरला मनापासून माफ करा, तो तुमचा हक्क आहे, पण विमा कंपनीला कशासाठी माफ करायचं?

प्रक्रिया माहीत असायला हवी. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. कुटुंब जिथं राहतं त्या हद्दीतही दावा लावता येतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून चाळिसावा झाला की वकील गाठायचा, वर्षश्राद्धाची वाट बघायची नाही. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृताच्या वारसांना 2 लाख रुपये मिळतात. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला 6 लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि हा पैसा जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करायला सांगितलं.

मुलाची किंमत कोर्ट कशी लावतं, हेही एकदा वाचाच. झारखंडातला एक सात वर्षांचा मुलगा सप्टेंबर 2004 मध्ये मोटरसायकलच्या धडकेत गेला. न्यायाधिकरणाने सव्वादोन लाख दिले. आई-बाप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर 2021 मध्ये, सतरा वर्षांनी, न्यायालयाने रक्कम 4 लाख 70 हजार केली. हिशेब असा: मूल कमावत नाही म्हणून त्याचं काल्पनिक उत्पन्न वर्षाला 25 हजार रुपये, गुणिले पंधरा. वरचे पैसे आई-बापाच्या वियोगाचे आणि दफनाचे. महिन्याला दोन हजार रुपयांच्या आसपास! चाकणचा हेल्परसुद्धा एवढ्यावर उभा राहणार नाही. हा हिशेब बदलला तोही कुणीतरी भांडत राहिलं म्हणून. 2025 साली गुजरातमधल्या एका जखमी मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलाचं उत्पन्न किमान त्या राज्यातल्या कुशल कामगाराच्या किमान वेतनाएवढं धरावं. 'अल्लाह की अमानत थी' म्हणून तो बाप घरी बसला असता तर आज राजगुरुनगरच्या बापाच्या हातात हा निकाल नसता.

आणि आता आपल्या घरातल्या चावीबद्दल. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. बड्या बापाचा पोरगा म्हणून. त्याच आठवड्यात जुम्म्याच्या नमाजला आपल्या मशिदीबाहेर चौदा-पंधरा वर्षांची किती पोरं ट्रिपल सीट, टोपी डोक्यावर आणि हेल्मेट घरी ठेवून आली होती? अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पोर्श असो की सेकंडहँड स्प्लेंडर, कलम तेच. भाईजान, तुमच्या पोराच्या गाडीखाली येणारं मूलही कुणाची तरी अमानत आहे.

त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे, 198 अ. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू झाला, तर ठेकेदाराला, सल्लागाराला आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे हे मान्य. पण फिर्याद देताना या कलमाचं नाव कुणी घेतच नाही, त्यामुळे पोलीस फक्त ड्रायव्हरचं नाव लिहितात आणि रस्ता निर्दोष सुटतो.

पुढच्या वेळी असा जनाजा उठेल. आकडे बघता तो उठणारच आहे. तेव्हा जमातीतल्या तरुणांनी दफनाच्या दुसऱ्या दिवशी त्या जागेवर जावं. फोटो काढावेत, रस्त्याची रुंदी मोजावी, दिव्याचा खांब चालू आहे का बघावं, आसपासच्या दुकानांतलं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जायच्या आत मागून घ्यावं. बापाबरोबर दोघांनी पोलीस ठाण्यात बसावं, एकट्याला पाठवू नये. नगरपरिषदेला, महामार्ग प्राधिकरणाला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, महिन्याने माहितीच्या अधिकारात विचारावं की त्या अर्जाचं काय झालं. चाळिसाव्याला देग चढेल तेव्हा जेवायला येणाऱ्या प्रत्येकाची त्या अर्जावर सही घ्यावी, शेजारच्या हिंदू घरांचीही, त्यांची पोरंही त्याच रस्त्याने शाळेत जातात. अर्जाच्या वर मुलाचं नाव लिहावं, वय लिहावं, तो कुठल्या इयत्तेत होता ते लिहावं.