शिताशिवाय भाताची परीक्षा

कॉलेजांत नव्यानें जाणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत हल्लीं संख्याशास्त्राचा प्रवेश बहुतेक सर्वत्र झाला आहे. विद्यार्थी वाणिज्य शाखेचा असो, अर्थशास्त्राचा असो, मानसशास्त्राचा असो कीं जीवशास्त्राचा असो, सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांच्या वाटेनें त्याला एकदां तरी जावेंच लागतें. ही गोष्ट इष्टच झाली. ज्या जगाचे व्यवहार आकड्यांवर चालतात त्या जगांत आकड्यांचें शास्त्र ज्याला ठाऊक नाहीं त्याला सुशिक्षित कसें म्हणावें, असें विचारणाऱ्यांपैकींच आम्ही आहों. आमची तक्रार निराळी आहे. या नांवाखालीं आमच्या बहुतेक कॉलेजांतून पहिल्या वर्षीं जें शिकविलें जातें तें संख्याशास्त्र नव्हेच. तो अंकगणिताचा एक लांबलेला तास होय.

या तासाचें स्वरूप वाचकांपैकीं अनेकांना स्वानुभवानें माहीत असेल. फळ्यावर दहा आकडे लिहिले जातात. ते कोणीं मोजले, कोठें मोजले, कशासाठीं मोजले, याविषयीं चकार शब्द निघत नाहीं. 'दहा कामगारांची मजुरी' एवढें नांव दिलें म्हणजे झालें. मग सूत्र येतें, सूत्रांत आकडे पडतात, उत्तर दशांश चिन्हापुढें दोन स्थळांपर्यंत काढलें जातें, आणि त्याखालीं दुहेरी रेघ ओढून विद्यार्थी कृतकृत्य होतो. परीक्षेंत तोच प्रश्न आकडे बदलून येतो. वर्षाअखेर शेंकडा नव्वद गुण मिळविणाऱ्या मुलानें वर्षभरांत स्वतः एकहि वस्तु मोजलेली नसते, कीं एकाहि माणसाला प्रश्न विचारलेला नसतो. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. येथें शीतहि नाहीं आणि भातहि नाहीं. परीक्षा मात्र आहे!

हा निव्वळ पंडिती वाद असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु आमच्या परिचयाच्या एका घरांत जें घडलें तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या घरांतील आजींची, कांहीं त्रास नसतांना, केवळ खबरदारी म्हणून एक रक्ततपासणी झाली, आणि ती रोगसूचक निघाली. सोबतच्या पत्रकांत छापलें होतें कीं, रोग असलेल्या शंभरांपैकीं नव्वद जणांत ही तपासणी रोग दाखविते, आणि निरोगी शंभरांपैकीं पांच जणांतहि चुकून दाखविते. घरच्यांनीं अर्थ लावला कीं आजींना रोग असण्याचा संभव शेंकडा नव्वद. नात संख्याशास्त्रांत वर्गांत पहिली आलेली. संभाव्यतेच्या प्रश्नाला तिला पैकींच्या पैकीं गुण. तिनेंहि मान डोलाविली. पुढचे पंधरा दिवस त्या घरांत कोणाच्या घशाखालीं धड घांस उतरला नाहीं.

आतां हिशेब करून पाहूं. तो रोग आजींच्या वयाच्या शंभर माणसांत एकाला असतो असें धरा. दहा हजार माणसें तपासलीं तर रोगी १००, आणि त्यांपैकीं ९० जणांची तपासणी रोगसूचक येईल. निरोगी ९,९००, त्यांच्या शेंकडा पांच म्हणजे ४९५ जणांनाहि तोच कागद हातीं मिळेल. एकंदर कागद ५८५, त्यांत खरे रोगी ९०. म्हणजे तेरांत दोन! पुन्हां तपासून घेणें अवश्य होतें, पण रडारडीला कारण नव्हतें. पुढील तपासणींत आजी निरोगी ठरल्या. त्या तशा ठरल्या नसत्या तरी आमचा मुद्दा तसाच उभा राहिला असता. हा गुणाकार त्या मुलीला येत होता. शंभरांतील हे नव्वद कोणत्या शंभरांतील, हा प्रश्न विचारावयास तिला कोणीं शिकविलेंच नव्हतें.

तीच गोष्ट सरासरीची. अमुक संस्थेंतून बाहेर पडणाऱ्यांस सरासरी दहा लाख पगार मिळतो, अशी जाहिरात वाचून आईबाप कर्ज काढतात. दहांपैकीं नऊ मुलांना चार चार लाख आणि एकाला चौसष्ट लाख मिळाले तरी सरासरी दहा लाखच येते. मध्यक पाहिला तर तो चार लाख. दोन्ही संज्ञांच्या व्याख्या मुलाच्या वहींत लिहिलेल्या असतात. परंतु जाहिरात हातीं आली असतां ती वही उघडावयाची असते, हें त्याला कोणी सांगत नाहीं.

हें शास्त्र मुळांत असें निर्जीव नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचेंच उदाहरण घ्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर देशांत धान्य किती पिकतें याचा खरा अंदाज ही जीवनमरणाची बाब झाली होती. सगळीं शेतें कापून मोजणें अशक्य. म्हणून कांहीं शेतांत लहान तुकडे आंखून तेवढेंच पीक कापावें व त्यावरून अंदाज बांधावा, ही रीत. तुकडा लहान असला तरी चालेल, असें मानणाऱ्यांत कलकत्त्याचे थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते. सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें कीं, तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वास्तवापेक्षां अधिक दिसतें. कारण साधें आहे. कांठावरचें रोप आंतलें कीं बाहेरचें असा संशय आला कीं कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितका क्षेत्राच्या मानानें त्याचा कांठ मोठा. असे हजार तुकडे कापले तरी ही चूक फिटत नाहीं, आणि कोणतेंहि सूत्र ती धुऊन काढीत नाहीं. चूक कागदावर नव्हती, बांधावर होती. ती सांपडण्यास शेतांत उभें राहावें लागलें.

अमेरिकेंत १९३६ सालीं 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें पाठविल्या, वीस लाखांवर उत्तरें जमविलीं, आणि लँडन निवडून येणार असें भाकीत केलें. प्रत्यक्षांत ४८ राज्यांपैकीं ४६ रूझवेल्ट यांनीं जिंकलीं. पत्ते बव्हंशीं टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून घेतलेले, आणि उत्तर पाठविणारे तेवढेच मोजलेले. बेरजेंत चूक नव्हती. आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? आमच्या घरांतील कोणतीहि गृहिणी सांगेल कीं, वरचीं शितें कितीहि चांचपलीं तरी तळाचा भात करपला कीं नाहीं तें कळत नाहीं. आधीं भात ढवळावा लागतो. नमुना कसा निवडावा या प्रकरणाचें सार याहून फारसें वेगळें नाहीं.

यावर प्राध्यापकमंडळी म्हणतील कीं, आधीं पाया पक्का हवा. सूत्रें आलीं म्हणजे विचार पुढें आपोआप येईल. हा पाया घालण्यांतच बहुतेकांचें शिक्षण संपतें, त्याचें काय? ज्याला पुढें या शास्त्राचा अभ्यास करावयाचा आहे तो शंभरांत एखादा. उरलेल्यांची त्याच्याशीं हीच पहिली आणि शेवटची भेट. शिवाय ज्या गणितासाठीं वर्ष खर्ची पडतें तें आज खिशांतील यंत्र क्षणांत करतें. यंत्राला जें करतां येत नाहीं तेवढेंच माणसाला शिकवावयाचें सोडून द्यावें, हा कोठला न्याय? वर्गांत शंभर मुलें असतात आणि प्रश्नपत्रिका वरून ठरलेली असते, ही अडचण मात्र खरी आहे. आणि तिचा दोष आम्ही प्राध्यापकांच्या माथीं मारीत नाहीं. पण शंभर मुलें ही या एका विषयांत अडचण नसून सोय आहे. त्यांना घरोघरचें विजेचें बिल, पाण्याची वेळ, कॉलेजला पोंचण्यास लागणारीं मिनिटें विचारून आणावयास सांगा. कोणीं सांगितलें नाहीं, कोणीं अंदाजानें ठोकून दिलें, कोणाच्या घरीं नळच नाहीं, हें फळ्यावर मांडा. त्या गोंधळांतून सरासरी काढतांना जें शिक्षण होईल तें तयार दहा आकड्यांतून दहा वर्षांत होणार नाहीं. आणि प्रश्नपत्रिकेंत निदान एक प्रश्न असा असूं द्या कीं ज्यांत हिशेब कांहींच नाहीं. एक जाहिरात छापून 'यावर विश्वास ठेवण्यापूर्वीं काय विचाराल?' एवढेंच पुसलें आहे.

पालकांसहि आमचें एक सांगणें आहे. मुलगा संख्याशास्त्रांत किती गुण मिळवून आला हें विचारण्यापूर्वीं त्या दिवशींचें वर्तमानपत्र त्याच्यापुढें ठेवा आणि त्यांतील एका आकड्यावर बोट ठेवून विचारा, "हा कोठून आला?" तो गप्प राहिला तर त्याला रागावूं नका. ज्यांनीं त्याला नव्वद गुण दिले, त्यांनींहि हा प्रश्न त्याला कधीं विचारलेला नाहीं.