तलफ आणि तालीम

‘तंबाखू सोडा, दारू सोडा’ असा उपदेश करणारे पाहुणे आमच्या गांवीं दरसाल येतात. व्याख्यान देतात, चहा घेतात व जातात. तलफ आली म्हणजे त्या घटकेस माणसानें करावें काय, हें मात्र कोणी सांगत नाहीं. आणि आमच्या कष्टकरी बंधूंस हवें आहे तें एवढेंच.

आम्ही तरी कोठें मोकळे होतों? मास्तरकीचें शिक्षण घेतांना लागलेली तंबाखू आम्हीं सोळा वर्षें मळली. वर्गांत आरोग्याचा धडा द्यावयाचा आणि मधल्या सुटींत शाळेमागें जाऊन चुन्याची डबी उघडावयाची, असा क्रम! एके दिवशीं चौथींतल्या पोरानें विचारलें, “गुरुजी, खिशांत काय वाजतंय?” दुसऱ्या दिवसापासून सुटीची घंटा झाली कीं आम्ही ओढ्यापर्यंत झपझप चालत जाऊं लागलों. जातांना जीव कासावीस होई. येतांना तंबाखूची आठवणहि नसे. तलफ चढते, कांहीं मिनिटें छळते व उतरते. हें पुष्कळांस ठाऊकच नाहीं, कारण ती उतरण्यापूर्वींच त्यांचा हात चंचींत गेलेला असतो. (मध्यंतरीं एका यात्रेंत आम्ही घसरलों, हेंहि कबूल करतों.)

शास्त्रज्ञांनींहि हें पडताळलें आहे. २००७ सालीं अशा प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. पांच-दहा मिनिटें भरभर चालल्यानेंहि सिगारेटची ओढ तेवढ्यापुरती कमी होते, असें त्यांत दिसलें. मात्र व्यायामानें व्यसन कायमचें सुटतें, असें २०१९ च्या मोठ्या आढाव्यांत सिद्ध झालें नाहीं. शिवाय हे प्रयोग सिगारेटवाल्यांवरचे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत शंभर प्रौढांत धूम्रपान करणारे सुमारें चार, आणि बिनधुराची तंबाखू घेणारे चोवीस! त्यांत मशेरी लावणाऱ्या आमच्या मायबहिणी आल्या. त्यांस तालमींत कोण घेणार?

कोणी म्हणेल, ऊसतोड्या दिवसभर मोळ्या वाहतो, त्यास आणखी व्यायाम कशाला? आमचें उत्तर असें कीं, त्या कामांत क्षणभर टेकण्यास तंबाखू मळणें हेंच एक निमित्त असतें. तेथें कष्ट हें तलफेचें औषध नसून कारण आहे. आपल्या मर्जीनें, सोबत्याशीं बोलत चाललेलीं दहा मिनिटें ही निराळी गोष्ट.

दारूचें प्रकरण याहून गंभीर. रोज पिणाऱ्याचा हात सकाळीं थरथरत असेल, तर त्यानें एकाएकीं दारू तोडून जोर काढूं नयेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणहि जातो. आधीं डॉक्टर, मग आखाडा. पुण्यांत १९८६ सालीं निघालेल्या मुक्तांगणांतहि योगासनें आहेत, पण तीं औषध व समुपदेशन यांच्या जोडीला.

आमच्या गांवच्या तालमींत सध्यां खताच्या गोण्या आहेत. गुत्त्याकडे पावलें वळतात तीं दिवेलागणीला. नेमकी तेव्हां ती उघडी हवी, आणि दुपारीं दोन तास फक्त बायकांसाठीं. ग्रामसभेंत हा ठराव आम्ही मांडणार आहों. तोंवर मधल्या सुटींत ओढ्याकडे जाणें चालूं आहे. ज्यास यावयाचें त्यानें घंटा ऐकून निघावें.