घरचा साबण, संक्रांतीचे वाण

दिवाळीची आंघोळ झाली, सुगंधी वडी झिजत आली, की घरात कोणीतरी विचारतेच, ‘साबण घरी करता येत नाही का?’ येतो, तोही चूल न पेटवता. मात्र इथे अंदाजपंचे चालत नाही. आमटीत तिखट जास्त पडले तर गूळ घालून निभावता येते. साबणात सोडा जास्त पडला तर कातडी सोलवटते.

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण व ग्लिसरिन बनते. लागणारी ऊब त्या क्रियेतूनच निघते. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो: १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम, तर शेंगदाणा तेलाला साडेतेरा. म्हणून तेल बदलले की हिशेबही नव्याने मांडावा.

साहित्य : खोबरेल तेल ३०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, शुद्ध कॉस्टिक सोडा ७६ ग्रॅम, पाणी १६५ ग्रॅम. सगळे, पाणीसुद्धा, काट्यावर तोलावे. सोडा मुद्दामच थोडा कमी धरला आहे. त्यामुळे काही तेल वडीत तसेच राहते आणि अंग ओढत नाही.

कृती : मुलांना खोलीबाहेर ठेवा, खिडक्या उघडा. रबरी हातमोजे आणि डोळे पुरते झाकणारा चष्मा घाला. भांडे स्टीलचे घ्या. अॅल्युमिनियम सोडा खाऊन टाकतो. पाण्यात सोडा थोडाथोडा सोडा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळते. मिश्रण कढत होते, वाफ नाकात जाऊ देऊ नका. ते कोमट झाले की पातळ केलेल्या कोमट तेलात ओतून घोटत राहा. पळीतून पडलेली धार क्षणभर वरच दिसू लागली, की साच्यात ओता.

अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवा. लिंबू-व्हिनेगर लावू नका. डोळ्यांत गेला तर ताबडतोब धुऊ लागा आणि डॉक्टरांना गाठा. उरलेला सोडा दिसायला मिठासारखा असतो. तो स्वयंपाकघरात नको, चिठ्ठी लावून कुलपात ठेवा.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच वड्या कापा. आत पांढरे खडे किंवा सुटलेले पाणी दिसले तर त्या वापरू नका. चांगल्या वड्या हवेशीर सावलीत चार ते सहा आठवडे सुकू द्या. पाणी उडून वडी कठीण होते, लवकर विरघळत नाही.

भाऊबीजेनंतर लगेच घोटलात, तर संक्रांतीपर्यंत दोन महिने तरी हाती राहतात. मग हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डबीऐवजी एकेक वडी वाण म्हणून लुटा. त्याआधी घरातल्यांनी एक वडी आठवडाभर वापरून पाहावी. दुसऱ्याच्या अंगाला लागणारी वस्तू आपण आधी लावून पाहिलेली बरी!