खेळाडूंचा लिलाव आणि आमचे रसिक

क्रिकेटच्या किंवा कबड्डीच्या खेळाडूंचा लिलाव जवळ आला म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांत एक विलक्षण व्यापारी वारें वाहूं लागतें. एरवीं मोंढ्यांत पाऊल न टाकणारे शिक्षक, वकील, कारकून आणि त्यांचे कॉलेजांत शिकणारे चिरंजीव एकाएकीं आडत्यांच्या भाषेंत बोलूं लागतात. अमका गोलंदाज अठरा कोटींस म्हणजे महाग पडला. तमका फलंदाज तिशीच्या पुढें गेला, आतां त्याला मोकळा करून त्या पैशांत दोन तरुण घ्यावे. अमक्या संघाच्या थैलींत अजून इतके कोटी शिल्लक होते, ते यष्टिरक्षकासाठीं राखून ठेवावयास नको होते काय? पानें वाढलेलीं असतात, भाजी निवत असते, आणि बापलेकांत चाललेला असतो तो मुंबईच्या किंवा चेन्नईच्या संघमालकांच्या पैशांचा हिशेब! आपल्या घरच्या खर्चाविषयीं इतक्या बारकाईनें बोलणारीं कुटुंबें आमच्या पाहण्यांत फारशीं नाहींत.

या वादास तुच्छ लेखणाऱ्या मंडळींत आमची गणना कोणीं करूं नये. माणसांवर बोली लागते, हातोडा पडतो, तेव्हां हा गुलामांचाच बाजार झाला, असें आमचे कांहीं वडीलधारे स्नेही म्हणतात आणि वर्तमानपत्राची घडी करून ठेवतात. ही तुलना आम्हांस अन्यायाची वाटते. गुलामाची किंमत दुसऱ्याच्या खिशांत जात असे. खेळाडूची त्याच्याच खिशांत जाते. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू होण्यापूर्वीं आमच्या मातींतल्या कबड्डीपटूची स्थिति काय होती? रेल्वेंत, पोलीस खात्यांत किंवा एखाद्या बँकेंत नोकरी लागली तर तो भाग्यवान; न लागली तर गुडघा दुखावेपर्यंत गांवोगांवच्या स्पर्धा, आणि पुढें शेती. पहिल्या वर्षींच्या लिलावांत सर्वांत मोठी बोली लागली ती राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. पांच वर्षांनीं कोल्हापूर जिल्ह्यांतल्या सिद्धार्थ देसाईसाठीं तेलुगू टायटन्सनें १ कोटी ४५ लाख मोजले, आणि २०२३ मध्यें त्याच संघानें पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांस घेतलें. त्याच वर्षीं १३ फेब्रुवारीस महिलांच्या क्रिकेट लीगचा पहिला लिलाव झाला. सांगलीस वाढलेल्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली, तेव्हां दक्षिण आफ्रिकेंत दूरचित्रवाणीपुढें बसलेल्या तिच्या सहकारिणींनीं केलेला जल्लोष ज्यांनीं पाहिला, त्यांनीं गुलामांच्या बाजाराची गोष्ट पुन्हां काढूं नये.

तर मग आमची तक्रार कोणती? ती लिलावाविषयीं नाहीं. लिलावावर वाद घालणारांविषयीं आहे. हे रसिक वाद घालतांना कोणाच्या जागीं उभे राहतात, याचा त्यांनीं कधीं विचार केला आहे काय? शंभरांतील नव्याण्णव जण मालकाच्या जागीं उभे असतात. थैली मालकाची, नफा-नुकसान मालकाचें, आणि काळजी मात्र हिंगोलीच्या मास्तरांस! ज्याच्यावर बोली लागते त्या माणसाची इच्छा काय होती, हा प्रश्न या अहोरात्र चाललेल्या वादांत आम्ही तरी ऐकलेला नाहीं.

आमच्या जिल्ह्यास लिलाव कांहीं नवा नाहीं. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डांत जाऊन पाहावें. काडी आणि गट्टू यांचे पिवळे ढीग पडलेले असतात, व्यापारी मूठभर माल उचलून मोडून पाहतात, आणि आमच्याकडे ज्यास ‘बीट’ म्हणतात ती बोली सुरू होते. हळदीला बोलतां येत नाहीं. पण ती लावणारा, खणणारा, शिजवून वाळवणारा शेतकरी ढिगापाशीं उभा असतो. भाव पटला नाहीं तर पोतीं पुन्हां बांधून घरीं नेण्याचा, किंवा वसमतच्या बाजारांत नेऊन पाहण्याचा अधिकार त्यास असतो. कर्जापायीं आणि गाडीभाड्यापायीं तो अधिकार पुष्कळदां त्यास वापरतां येत नाहीं, ही गोष्ट निराळी आणि दुःखाची. पण अधिकार आहे. खेळाडूच्या लिलावांत पिकवणारा आणि पीक एकच. एकदां नांव यादींत घातलें, कीं सर्वांत चढी बोली ज्याची त्याच्या घरीं जावें लागतें. ‘या भावास नाहीं’ किंवा ‘या व्यापाऱ्यास नाहीं’ असें म्हणण्याची सोय नाहीं. इंग्लंडचा हॅरी ब्रूक यास दिल्लीच्या संघानें ६ कोटी २५ लाखांस घेतलें होतें. २०२५ मध्यें स्वदेशाच्या संघाची तयारी हें कारण सांगून त्यानें माघार घेतली, तेव्हां नियमाप्रमाणें दोन वर्षांची बंदी त्याच्यावर आली. दिलेला शब्द मोडणारास शिक्षा असावी, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु संघानें हंगाम संपतांच खेळाडूस मोकळें केलें, तर त्या संघास कोणती शिक्षा होते? ती तर व्यवहारकुशलता ठरते, आणि आमचे रसिक तिची तारीफ करतात.

या एकतर्फी न्यायाचें सर्वांत बोलकें उदाहरण रवींद्र जडेजाचें आहे. २०१० मध्यें राजस्थानच्या संघाशीं पुन्हां करार न करतां दुसऱ्या संघाशीं परस्पर बोलणें लावल्याबद्दल त्याला संपूर्ण हंगाम खेळण्यास मनाई झाली. तो तेव्हां एकवीस वर्षांचा होता. पुढें २०१२ मध्यें तो चेन्नईस गेला. चेन्नईचा संघ बंदींत होता तीं दोन वर्षें सोडलीं, तर तेथेंच राहिला. आणि २०२३ च्या अंतिम सामन्यांत शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा हव्या असतां षटकार आणि चौकार मारून त्यानें विजेतेपद मिळवून दिलें. नोव्हेंबर २०२५ मध्यें चेन्नईनें संजू सॅमसनच्या बदल्यांत त्याला सॅम करनसह त्याच राजस्थानास देऊन टाकलें, आणि त्याचें मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आलें. म्हणजे खेळाडूनें स्वतः घर बदलूं पाहिलें तेव्हां तो अपराध झाला, आणि दोन मालकांनीं मिळून त्याचें घर बदललें तेव्हां ती मुत्सद्देगिरी झाली! अशा अदलाबदलीस खेळाडूची संमति लागते, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्यास आपण नकोसे झालों आहों त्याच्याच दारांत राहावयाचें कीं निघावयाचें, एवढ्यापुरतीच जी निवड असते, तिला संमति म्हणण्यास आमची जीभ अडखळते. त्या आठवड्यांत आमच्या कानांवर जे वाद आले, त्यांत चेन्नईनें फायद्याचा सौदा केला कीं तोट्याचा, याचाच ऊहापोह होता.

आतां याच्या उलट बाजू पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्यें हार्दिक पंड्या गुजरातच्या संघांतून मुंबईस परत आला. त्यास परत यावयाचें होतें असें सर्वत्र बोललें गेलें. पुढच्याच महिन्यांत रोहित शर्माच्या जागीं त्यास कर्णधार नेमलें. नेमणारे मालक, पण १ एप्रिल २०२४ रोजीं वानखेडे मैदानावर नाणेफेकीस तो आला तेव्हां त्याच्याच शहराच्या प्रेक्षकांनीं त्याची अशी हुर्यो उडविली, कीं संजय मांजरेकरांस ध्वनिक्षेपकावरून त्यांना सभ्यपणानें वागण्यास सांगावें लागलें. अहमदाबादेस तर तो गद्दार ठरला होता. त्या हंगामांत मुंबई तळाशीं राहिली. मग जून महिन्यांत विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचें शेवटचें षटक त्याच पंड्यानें टाकलें, भारत जिंकला, आणि ४ जुलैस त्याच वानखेडेवर त्याच्याच नांवाचा गजर झाला. लोकमताची ही कोलांटउडी आम्ही एक वेळ विसरूं. विसरतां येत नाहीं तो त्यामागचा तर्क. जे रसिक वर्षभर खेळाडूंस भावाचे आंकडे लावून त्यांची उलथापालथ करतात, तेच एखादा खेळाडू आपण होऊन निघाल्याचा संशय येतांच त्याच्यापाशीं निष्ठा मागतात. गृहस्थहो, दोन्ही गोष्टी एकदम मागतां येणार नाहींत. खेळाडू माल असेल तर त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा वेडेपणाची आहे. हळदीचें पोतें सांगलीस गेलें म्हणून आपण त्याला कृतघ्न म्हणत नाहीं. तो माणूस असेल, तर निष्ठा मागण्यापूर्वीं त्याची इच्छा विचारलीच पाहिजे.

कबड्डींतही निराळें नाहीं. इराणचा मोहम्मदरेझा शादलू पुणेरी पलटणनें २०२३ मध्यें २ कोटी ३५ लाखांस घेतला, १ मार्च २०२४ रोजीं पलटणीनें विजेतेपद मिळविलें, आणि पुढच्या लिलावांत तो २ कोटी ७ लाखांस हरियाणाकडे गेला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत बालेवाडीस, म्हणजे पलटणीच्याच गांवांत, हरियाणा विजेता झाला. २०२५ मध्यें तो गुजरातचा. पुण्यानें चूक केली कीं नाहीं, यावर आमच्या परिचयाच्या एका घरांत दोन सख्ख्या भावांचा चार दिवस अबोला होता. ‘फायनल बिड मॅच’ या सवलतीनें जुन्या संघास शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला खेळाडू परत घेतां येतो. खेळाडूस मात्र जुन्या संघाची किंवा नव्याची निवड करतां येत नाहीं. त्या दोघां भावांस ही गोष्ट ठाऊक होती. ती त्यांस खटकत नव्हती, एवढेंच.

या छंदाचें टोक पाहावयाचें तर ऑस्ट्रेलियाकडे वळावें लागतें. तेथील फुटबॉलची एक स्वतंत्र जात आहे: लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूस अठरा गडी. लिलाव नाहीं, १९८६ पासून ‘ड्राफ्ट’ आहे. आदल्या हंगामांत जो संघ तळाशीं, त्यास नव्या मुलांतून पहिली निवड करण्याचा मान. मुलगा पर्थचा असो वा ॲडलेडचा, ज्या क्लबानें त्याचें नांव उच्चारलें तिकडे त्यानें जावयाचें. क्लब या निवडीच्या क्रमांकांचाही विनिमय करतात, आणि २०१५ पासून पुढच्या वर्षाचे क्रमांकही सौद्यांत घालतां येतात. त्यामुळें तेथले रसिक, जो मुलगा अजून शाळेंत आहे आणि ज्याचें नांवही ठरलेलें नाहीं, त्याच्या बदल्यांत कोणता जाणता गडी द्यावा यावर हिरिरीनें भांडतात! आमच्या लोकांची मजल अद्याप तेथवर गेलेली नाहीं, हें नशीब. परंतु त्याच ऑस्ट्रेलियांत खेळाडूंची संघटना १९७३ पासून आहे, आणि २०१२ पासून एका क्लबाकडे आठ वर्षें सेवा केलेल्या खेळाडूस, कांहीं अटींवर, आपल्या पसंतीच्या क्लबाकडे जाण्याची मोकळीक आहे. ती कोणी दयेनें दिली नाहीं. अमेरिकेंतही कर्ट फ्लड या बेसबॉलपटूनें १९६९ मध्यें आपली परस्पर झालेली अदलाबदल नाकारली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो भांडला आणि १९७२ मध्यें हरला. तीन वर्षांनीं त्याच्या मागून आलेल्यांस तो हक्क मिळाला.

आमच्याकडे काय आहे? क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना २०१९ मध्यें निघाली, ती निवृत्तांची. खेळत्या खेळाडूंच्या वतीनें करारावर बोलणारें कोणी नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, कोट्यवधि मिळवणारांसाठीं अश्रू कसले? अश्रू आम्ही ढाळलेच नाहींत. पैसा आणि हक्क यांचा सौदा एकमेकांशीं होत नाहीं, एवढेंच म्हणणें आहे. शिवाय कोटींचे आंकडे छापले जातात ते मूठभरांचे. कबड्डीच्या लिलावांत सर्वांत खालच्या वर्गाची मूळ किंमत २०२४ मध्यें नऊ लाख होती, आणि त्या वर्गांतला मुलगा कोणत्या संघांत पडतो यावर त्याचें सारें आयुष्य अवलंबून असतें. दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे: खेळाडूंस निवड दिली तर सर्व चांगले गडी एकाच श्रीमंत संघांत गोळा होतील आणि खेळाची गंमत जाईल. पण त्यासाठीं प्रत्येक संघाच्या थैलीस मर्यादा घातलेलीच आहे; २०२५ च्या आयपीएलसाठीं ती १२० कोटींची होती. ही मर्यादा आणि ठराविक वर्षांच्या सेवेनंतरची मोकळीक, हीं दोन्ही ऑस्ट्रेलियांत एकत्र नांदतात. तेथील सामने ओस पडल्याचें ऐकिवांत नाहीं.

हिंगोलीसारख्या कोपऱ्यांतल्या जिल्ह्यांत बसून याविषयीं बोलून काय उपयोग, असें कोणी म्हणेल. आयपीएलचें पांच वर्षांचें प्रक्षेपण २०२२ मध्यें ४८,३९० कोटींस विकलें गेलें. हे पैसे देणारांनीं कळमनुरीच्या आणि सेनगांवच्या बैठकींतले डोळे मोजूनच दिले आहेत. वानखेडेवरची हुर्यो मालकांच्या कानीं जाते, तर मग त्यांच्याविरुद्धचा आवाजही जाईल. म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या लिलावाच्या रात्रीं वाद घालावा, अवश्य घालावा; पण कोण महाग आणि कोण स्वस्त याच्या आधीं, ‘याला कोठें खेळावयाचें होतें?’ हा प्रश्न वडिलांनीं मुलास विचारावा. तें कसें कळणार, असें मुलगा म्हणेल. खरेंच आहे, त्या दिवाणखान्यांत मालकांसाठीं, प्रशिक्षकांसाठीं आणि त्यांच्या हिशेबनिसांसाठीं मेजें मांडलेलीं असतात, खेळाडूसाठीं खुर्ची नसते.